मदत हवी आहे: हेलीन हरिकेननंतर ॲशव्हिलच्या बाजूला आमच्या मंडळाने नेमकं काय करावं?

शार्लटकरीण:

नमस्कार मंडळी,

मी शार्लटला राहते, नॉर्थ कॅरोलिना. हेलीनच्या बातम्या सगळ्यांनी बघितल्या असतील म्हणून थोडक्यात सांगते. २०२४ च्या २६ सप्टेंबरला रात्री ते फ्लोरिडाला धडकलं तेव्हा कॅटेगरी ४ होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या राज्याच्या पश्चिमेच्या डोंगरात पोचलं. समुद्र कुठे, डोंगरातलं ॲशव्हिल कुठे, त्यामुळे हरिकेन एवढं आत येऊन काही करेल असं फार कोणाच्या डोक्यातच नव्हतं. पण आधीपासून पाऊस लागलेलाच होता, जमिनीत मुरायला जागा नव्हती, यान्सी काउंटीत एका ठिकाणी तर तीन दिवसांत ३० इंचाच्या वर पडला, मग ते सगळं पाणी त्या अरुंद दऱ्यांतून खाली आलं आणि स्वानानोआ, चिमनी रॉक वगैरे नदीकाठची वस्ती होत्याची नव्हती झाली. एकट्या आमच्या राज्यात शंभरावर माणसं गेली.

आता मुद्द्याचं. आमचं मराठी मंडळ काही फार मोठं नाही पण दिवाळीच्या कार्यक्रमात लोकांनी हात सैल सोडला, बऱ्यापैकी रक्कम जमलीये. शिवाय कोणी न सांगता लोकांनी कपडे आणून टाकले, ते खजिनदारांच्या गॅरेजमध्ये छतापर्यंत लागलेत आणि त्यांची गाडी महिनाभर रस्त्यावर. कमिटीतल्या काहींचं म्हणणं असं की ट्रक भाड्याने घ्या, कपडे, पाण्याच्या बाटल्या, ब्लँकेट भरा, मंडळाचा बॅनर लावा आणि थँक्सगिव्हिंगच्या वीकेंडला जाऊन वाटून या. मला हे पटत नाहीये. तिकडच्या एका चर्चला फोन केला तर बाई फार गोड बोलल्या पण स्पष्ट म्हणाल्या की कपडे नकोत हो, आलेले निवडायलाच आमची माणसं अडकलीयेत.

मागे ऑफिसच्या ग्रुपबरोबर स्वानानोआला एका आजींच्या घरी काम करून आले. आत छातीपर्यंत चिखलाची खूण, शीटरॉक (भिंतीचे जिप्समचे बोर्ड) हाताने दाबलं की भिजवलेल्या पोह्यासारखं सुटत होतं. आजी अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या, आम्ही एकेक वस्तू बाहेर आणायची आणि त्या सांगणार ठेवा का टाका. रेसिपीच्या कार्डांचा एक पत्र्याचा डबा निघाला तर त्यांनी ती चिकटलेली कार्डं एकेक करून सोडवली आणि आमच्या गाडीच्या बॉनेटवर वाळत घातली, तासभर तेच. आणि विचारत काय होत्या, तर थंडीच्या आधी हीटिंग सुरू होईल का. ब्लँकेटचं नाव काढलं नाही.

तर पैसे कोणाला द्यावेत, आम्ही पंचवीस-तीस धडधाकट माणसं आहोत (पण हातोडी धरलेले चारच) त्यांचा उपयोग कुठे होईल, आणि हे एका वीकेंडचं न राहता पुढे कसं चालू ठेवायचं? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज लिहा. पॉलिटिक्स नको.

रॅलेची काकू:

अगं बरं झालं विचारलंस. आम्ही २०१८ च्या फ्लोरेन्सनंतर न्यू बर्नला बरेच वीकेंड गेलो होतो त्या अनुभवावरून सांगते. आपणहून गाडी काढून जायचं नाही, कोणत्या तरी संस्थेच्या यादीत नाव घालून जायचं. क्रायसिस क्लीनअप म्हणून एक व्यवस्था आहे, पूरग्रस्त तिथे फोन करून घर नोंदवतात आणि संस्था तिथून कामं उचलतात, म्हणजे एकाच घरी तीन ग्रुप आणि शेजारी कोणीच नाही असं होत नाही. बॅप्टिस्ट्स ऑन मिशन या चर्चच्या संस्थेवाले तर आपल्याच राज्यातले, घरं उभी करेपर्यंत राहतात, हातोडी न धरलेल्यांनाही शिकवतात.

कामाचं म्हणशील तर पाणी चढलं होतं त्याच्या फूट-दोन फूट वरपर्यंत शीटरॉक कापायचं, मागचं ओलं इन्सुलेशन सगळं काढायचं, आणि लाकूड वाळल्याशिवाय नवीन बोर्ड ठोकायचा नाही. लोक घाई करतात आणि महिन्याभरात आत बुरशी. ओल मोजायचं छोटं मशीन मिळतं ते दोन घेऊन ठेवा. एन-९५ मास्क हवेतच. ब्लीच आणि अमोनिया एकत्र करू नका, कोणीतरी शहाणा करतोच. आणि टाकायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, क्लेमला लागतात.

अजून एक, हे फारसं कोणाला माहीत नसतं. हजेरीच्या कागदावर नाव, वेळ, काम नीट लिहा. स्वयंसेवकांच्या बऱ्याच कामांचे तास काउंटीला सरकारी मदतीतल्या स्वतःच्या वाट्यात धरता येतात. म्हणजे तुमचा शनिवार तिथल्या तिजोरीतही जमा होतो.

टोणगा_२:

बॅनर आधी गॅरेजमध्येच ठेवा, कपड्यांच्या खाली 😄

बाकी फेमा (केंद्र सरकारची आपत्ती मदत संस्था) फक्त ७५० डॉलर देऊन हात झटकते असं ऐकलं, खरं का?

फॉर्मवाला:

@टोणगा, नाही हो. ते ७५० अन्न, पाणी, औषधं असल्या तातडीच्या गोष्टींसाठी असतात, कर्ज नाही, परत करायचे नाहीत. घरदुरुस्तीचं वेगळं मिळतं, या वादळाला जास्तीत जास्त ४२,५०० डॉलर. पण जास्तीत जास्त म्हणजे सगळ्यांना तेवढे नव्हे. आणि साध्या होमओनर विम्यात पूर धरत नाहीत, डोंगरात पुराचा वेगळा विमा फार थोड्यांनी काढलेला, तिथे खरी बोंब आहे.

शार्लटकरीण, ज्यांना हातोडी जमत नाही त्यांना माझ्याकडे द्या असं म्हणेन. तुमच्यात निम्मे आयटीवाले आणि बँकवाले असणार. लोकांना फेमाचं नकाराचं पत्र येतं आणि ते तिथेच सोडून देतात, पण पुष्कळदा फक्त विम्याचा एखादा कागद किंवा मालकीचा पुरावा कमी असतो. ६० दिवसांत अपील करता येतं. तिकडे जमीन आजोबांच्या नावावर, वाटणी कधी झालीच नाही, अशी घरं भरपूर (ओळखीचं वाटतंय ना?), त्यांना मालकीचं स्वतः लिहून दिलेलं पत्र चालू शकतं. ओढ्यावरचे खाजगी पूल वाहून गेलेत, ज्यांना घरी पोचायचा तोच एक रस्ता होता त्यांनी तेही अर्जात टाकायचं. लॅपटॉप, प्रिंटर, स्कॅनर घेऊन लायब्ररीत किंवा चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी बसा, पण आधी तिथल्या लीगल एडवाल्यांशी (फुकट कायदेशीर मदत देणारे) बोलून, कायद्याचा सल्ला आपण द्यायचा नाही.

एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्यांना फेमाची रोख मदत मिळत नाही, पण घरात इथे जन्मलेलं मूल असेल तर त्याच्या नावाने अर्ज करता येतो. हे तिथल्या आपल्या लोकांना कळवा, स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांनाही, ती तर भीतीने अर्जच करत नाहीत.

वाडीकर:

मी दापोली तालुक्यातला, अमेरिकेचं मला काही कळत नाही पण ३ जून २०२० चं निसर्ग वादळ अंगावर घेतलंय म्हणून लिहितो. पहिल्या पंधरवड्यात मुंबई-पुण्याहून टेम्पोवर टेम्पो आले, लॉकडाऊन असून. मेणबत्त्या, बिस्किटं, जुने कपडे. आम्हाला हवा होता झाडं कापायचा करवत आणि चालवणारा माणूस, पत्रे, आणि पत्रे ठोकायला हुक. वाडीत आडव्या पडलेल्या पोफळी उचलणार कोण? सरकारने पोफळीमागे ५० रुपये आणि माडामागे २५० दिले, त्यात मजुरीसुद्धा निघत नव्हती. गणपतीनंतर कोणी फिरकलं नाही. पुण्याचा एकच ग्रुप पुढच्या पावसात रोपं घेऊन आला आणि त्यानंतरही फोन करत राहिला, त्यांची नावं आमच्या आईला अजून पाठ आहेत. ताई, तुम्ही मार्चमध्ये जा.

औषधपेटी:

जरा अवांतर. तिकडे मॅरियनजवळच्या बॅक्स्टरच्या कारखान्यात पाणी शिरलं आणि देशातल्या सलाइनपैकी सुमारे ६० टक्के तिथे बनायचं. आमच्या हॉस्पिटलात अजून पिशव्या मोजून वापरतोय, ज्याला तोंडाने पाणी पिता येतं त्याला पाणीच. पैशांचं विचाराल तर मॅना फूडबँकेला द्या, त्यांचं स्वतःचं गोदाम पुरात गेलं तरी दुसरीकडून वाटप सुरू ठेवलं. बिलव्हेड ॲशव्हिल पण तिथलीच आहे, राहत्या घरांचं बघते. आणि बँकवाल्यांनो, कंपनीचं मॅचिंग असतं (तुम्ही दिलं की कंपनीही भर घालते) ते भरा, दरवर्षी वाया घालवता.

शार्लटकरीण:

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, वाडीकर दादा तुमचा प्रतिसाद कमिटीच्या ग्रुपवर जसाच्या तसा टाकला आणि ट्रकचा विषय तिथेच संपला. आत्ताचं असं ठरतंय की निम्मी रक्कम लगेच फूडबँकेला, उरलेली फेब्रुवारीनंतर दुरुस्तीला, तोवर खात्यात वेगळी. कपडे इथल्याच थ्रिफ्ट दुकानात. एक गट काकूंच्या सांगण्याप्रमाणे बॅप्टिस्टवाल्यांकडे, दुसरा फॉर्मचा.

दोन शंका. काहीजण तंबूत किंवा कॅम्परमध्ये राहतायत, त्यांना प्रोपेनचे छोटे हीटर घेऊन द्यावेत का? आणि काहींना फॅमिली घेऊन ॲशव्हिलला नुसतं जायचंय, नळाला पिण्यालायक पाणी १८ नोव्हेंबरला परत आलं म्हणे, पण असं फिरायला जाणं बरं दिसेल का?

रॅलेची काकू:

हीटर द्या पण प्रत्येकाबरोबर बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म दिल्याशिवाय नाही, आणि बंद तंबूत लावायचा नाही हे तोंडाने सांगा, नुसता कागद देऊ नका. सिलिंडर कोण भरून आणणार तेही आधी ठरवा, तिकडच्या फायर स्टेशनला विचारलंत तर ते सांगतील कोणाकडे काय आहे.

फिरायला खुशाल जा. ऑक्टोबरमधला पानांचे रंग बघायचा सीझन त्यांचा पूर्ण बुडालाय, हॉटेलातल्या पोरांचे पगार त्यावर. फक्त आधी दुकानं उघडी आहेत का बघा, पडलेल्या घरांसमोर सेल्फी नको, आणि रिव्हर आर्ट्स डिस्ट्रिक्टमधले बरेच कलाकार ऑनलाइन विकतायत तर मंडळाच्या संक्रांतीच्या वाणाला तिथूनच चहाचे मग घ्या ना. टेनेसीकडे जाणारा आय-४० हायवे आत्ता, नोव्हेंबर २०२४ मध्ये, पिजन नदीजवळ तुटलेला आहे, त्यामुळे त्या बाजूने परत यायचा प्लॅन करू नका.

शार्लटकरीण:

वाणाची आयडिया भारी आहे काकू, आजच एकीला मेल टाकते. शंभरेक मग लागतील, मातीचे.