ताफा घरी ठेवून झोपू नका

एकाने विचारलंय की ओगेममध्ये (ब्राउझरमध्ये खेळायच्या अवकाशयुद्धाच्या ऑनलाइन खेळात) रोज सकाळी जहाजांचा ताफा उद्ध्वस्त झालेला दिसतो, तर संरक्षण किती वाढवू? माझ्या मते तोफा वाढवून हा प्रश्न सुटत नाही. २००२ पासून या खेळाचा गाभा एकच आहे: तुम्ही झोपलात तरी विश्व चालूच राहतं. हल्ला करणारा आधी हेरयान पाठवतो आणि हिशेब मांडतो. मूळ नियमानुसार फुटलेल्या जहाजांतलं ३० टक्के धातू आणि स्फटिक ढिगारा होऊन कक्षेत उरतं. ते उचलून फायदा होत असेल तर तो येणारच.

म्हणून निजण्याआधी सगळी जहाजं, साठवलेला माल भरून, आपल्याच दुसऱ्या ग्रहाकडे तैनातीवर, म्हणजे मुक्काम हलवायच्या मोहिमेवर, धाडा. वेग १० टक्के ठेवला की प्रवास लांबतो, म्हणजे तुम्ही झोपेत असताना ताफा ग्रहावर नसतोच. ग्रहावरून निघालेली तैनाती मध्येच परत बोलावली, तर शत्रूच्या फॅलॅन्क्सला (ताफ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राला) परतीची वेळ दिसत नाही. हीच खरी किल्ली!

नागपुरात आम्ही बर्डीवरच्या सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने खेळायचो. मे महिन्यातल्या एका दुपारी, ताफा पोचायच्या ऐन वेळी लाइट गेली. रात्री पुन्हा जाऊन पाहिलं तर नुसता ढिगारा. तेव्हापासून पोचायची वेळ मी कागदावर लिहून ठेवतो, आणि त्या वेळी आपण नक्की जागे असू का, हे आधी तपासतो.

ड्युटेरियम, म्हणजे जहाजांचं इंधन, कमी पडत असेल तर पुढची वसाहत सूर्यापासून लांबच्या, १३ ते १५ क्रमांकाच्या जागी करा. ग्रह जितका थंड, तितकं उत्पादन जास्त.