लढाऊ सिम्युलेटरमधली खरी मजा विमान पाडण्यात नाही, परत येऊन उतरण्यात आहे

तिसरी_तार:
काल डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये दोन तासांचं मिशन केलं, त्यात क्षेपणास्त्र सोडलं एकच आणि तेही चुकलं, विमान एकही पाडलं नाही, आणि तरी हेडसेट काढला तेव्हा हात थरथरत होते आणि असं समाधान गेल्या कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं. कारण हॉर्नेट हे लढाऊ विमान पहिल्याच प्रयत्नात विमानवाहू जहाजावर उतरवलं आणि विमान थांबवायला डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी तिसरी तार हुकने पकडली.

ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवसाच्या लँडिंगला हुक खाली टाकून ८०० फुटांवरून जहाजाच्या उजव्या बाजूने यायचं, पुढे जाऊन डावीकडे कचकन वळायचं, मग ६०० फुटांवर जहाजाच्या उलट दिशेने जायचं, तेवढ्यात गिअर फ्लॅप्स सगळं आवरायचं आणि शेवटचं वळण घ्यायचं. वळणातून बाहेर आलात की हातात असतात १५ ते १८ सेकंद. डेकची धावपट्टी तिरकी आणि जहाज पुढे चाललेलं, म्हणजे तुम्ही विमानाचं नाक तिच्यावर धरून बसलात तरी ती उजवीकडे सरकतच राहते. दिव्याचा गोळा (उतरण्याची उंची बरोबर आहे का ते दाखवणारा), धावपट्टीची मधली रेषा आणि अँगल ऑफ अटॅक (पंख हवेला किती कोनात आहेत ते), डोळे या तिघांमध्येच फिरत असतात. आणि चाकं टेकली की थ्रॉटल मागे ओढायचा नाही, उलट पूर्ण पुढे, कारण हुकला तार नाही मिळाली तर त्याच वेगात परत हवेत जायचंय.

मला वाटतं वास्तववादी सिमची सगळी मजा या १५ सेकंदांत आहे. गोळ्या मारायला शेकडो गेम आहेत. तुम्हाला काय वाटतं?

मर्लिन:
साफ असहमत. लँडिंग कितीही अवघड असलं तरी जहाजाला तुम्हाला हरवायचं नसतं. समोरच्या विमानात माणूस बसलेला असतो, तो तुमच्यासारखाच विचार करत असतो, आणि ही गोष्ट दुसऱ्या कशातच नाही.

मी २०११ सालचं क्लिफ्स ऑफ डोव्हर अजून खेळतो, दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटनची लढाई. सुरुवातीच्या ब्रिटिश स्पिटफायरच्या इंजिनाला फ्लोटचा कार्ब्युरेटर, त्यामुळे नाक एकदम खाली ढकललं की निगेटिव्ह जीमध्ये, म्हणजे सगळं वर उचललं जातं तेव्हा, पेट्रोल नीट पोचत नाही आणि इंजिन खोकायला लागतं. जर्मन मेसरश्मिट १०९ ला फ्युएल इंजेक्शन, तो नुसता काठी पुढे ढकलून खाली निघून जातो आणि तुम्ही बघत राहता. मग खऱ्या वैमानिकांनी जे केलं तेच तुम्हीही करायला शिकता, आधी विमान उलटं करायचं आणि मग काठी ओढून त्याच्यामागे जायचं. १९४१ मध्ये बिआट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी पेट्रोलच्या वाटेत एक छोटी भोकाची चकती बसवून यावर तात्पुरता इलाज काढला, हे मी पुढे वाचलं, पण ती अडचण काय होती हे मला आधी हाताने कळलं होतं. इतिहास असा हाताला कळणं हीच माझ्यासाठी मजा आहे.

आणि स्पिटफायरला ८ मशीनगन, प्रत्येकीत ३०० गोळ्या, बटण दाबून धरलं तर साधारण १५ सेकंदांत खेळ खलास. तुमचे १५ सेकंद आणि माझे १५ सेकंद, बघा.

नॉचवाला:
मर्लिन यांचं माणसाबद्दलचं म्हणणं पटलं, पण माणूस दिसायलाच हवा असं कुठाय? माझी आवडती लढत ३० मैलांवरून होते आणि समोरचा मला डोळ्यांनी कधी दिसतच नाही. आरडब्ल्यूआर (शत्रूचं रडार आपल्यावर आहे हे सांगणारं यंत्र) ओरडायला लागला की मी त्याच्या रडारला बरोबर ९० अंशात वळतो, म्हणजे त्याच्या दिशेने माझा वेग शून्य, आणि तो वरून खाली बघत असेल तर त्याचं डॉपलर रडार मला जमीन समजून गाळून टाकतं. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि तो आवाज अचानक बंद होतो तेव्हा अंगावर येणारा काटा वेगळा. इथे भौतिकशास्त्र वापरून माणूस जिंकतो. आणखी काय पाहिजे?

एक_तास:
मला एक विचारायचंय, भांडण म्हणून नाही. एफ-१६ नीट चालू करायचं तर आयएनएस (आपण कुठे आहोत ते सांगणारं दिशादर्शक यंत्र) अलाइन व्हायलाच सात-आठ मिनिटं जातात, त्याआधी आणि नंतर बटणंच बटणं. माझ्याकडे दिवसाला एक तास असतो. त्यातला एवढा वेळ यादी पाठ म्हणण्यात का घालवायचा? पाठांतराला वास्तव म्हणणं मला पटत नाही. मी सरळ हवेतच मिशन सुरू करतो आणि मला पूर्ण मजा येते.

तिसरी_तार:
@एक_तास हवेत सुरू करा की, त्यात चूक काहीच नाही. पण यादी पाठ म्हणणं आणि यंत्र कळणं यात फरक आहे. मी एकदा घाईत अलाइनमेंट अर्धवट सोडून उडालो आणि पुढे नकाशावरचे पॉइंट आणि प्रत्यक्ष जमीन जुळेचनात. तेव्हा कळलं की ते यंत्र आपण कुठे उभे आहोत हे ठरवून तिथून पुढे फक्त हिशोब करत जातं, सुरुवातच चुकली तर पुढचं सगळं चुकलं. त्या दिवसापासून ती सात मिनिटं मला रिकामी वाटत नाहीत. चूक केल्यावर तिचं कारण सापडतं, साध्या गेममध्ये ते सापडत नाही.

जुना_फाल्कन:
तुम्ही सगळे विमानाबद्दल बोलताय, युद्धाबद्दल कोणीच नाही.

फाल्कन ४.० हा एफ-१६ चा सिम आला १९९८ मध्ये. कोरियातलं अख्खं युद्ध त्यात तुमच्याशिवाय चालू असतं, रणगाडे पुढे सरकतात, पूल पडतात, तुम्ही झोपेत असलात किंवा चुकीच्या ठिकाणी असलात तरी युद्ध कोणासाठी थांबत नाही. मी एकदा एक पूल पाडला आणि मग त्या बाजूची शत्रूची हालचाल मंदावलेली नकाशावर बघितली, ते मला कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं, माझ्या बाँबमुळे झालं होतं. २००० मध्ये त्याचा सोर्स कोड बाहेर आला आणि हौशी लोकांनी तेच अजून जिवंत ठेवलंय, बीएमएस नावाने. एवढी वर्षं लोक फुकट राबतात ते दिव्याच्या गोळ्यासाठी की त्या युद्धासाठी? माझ्या मते युद्धासाठी. लिहून ठेवलेलं मिशन दुसऱ्यांदा खेळलात की शत्रू कुठून येणार हे माहीत असतं, मग कॉकपिट कितीही खरं असो.

विंगमन२:
जुना_फाल्कन +१ पण तरी मुद्दा राहिलाच. सोबतची माणसं! हवेतच टँकर विमानाला जोडून इंधन घ्यायला शिकायला मला सहा आठवडे लागले. टँकरच्या नळीच्या टोकाची टोपली बघून तिच्यामागे धावायचो, ती डावीकडे की मी डावीकडे आणि प्रत्येक वेळी जास्तच. आमच्यातल्या एका ताईंनी बाजूला उडत नुसतं एवढंच सांगितलं की टोपली बघू नकोस, टँकर बघ आणि थ्रॉटल केसाएवढा हलव. तिसऱ्या मिनिटाला जोडलं गेलं. रेडिओवर चौघे जण ओरडले होते ते अजून कानात आहे. एकट्याने तेच केलं असतं तर इतकं लक्षात राहिलं असतं असं वाटत नाही.

रोटर:
हेलिकॉप्टरवाल्यांकडूनही एक. पुढचा वेग कमी ठेवून भरभर खाली आलात की स्वतःच ढकललेल्या हवेत बुडता, आणि घाबरून कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) वर ओढला की आणखी बुडता. काठी पुढे करून त्यातून निघायचं असतं, जे मनाच्या अगदी विरुद्ध आहे. ह्युई या हेलिकॉप्टरमध्ये हे हाताने आपोआप व्हायला लागलं तो दिवस माझा. शत्रू बित्रू लागतच नाही.

मर्लिन:
@तिसरी_तार तुम्ही मला उत्तर दिलं नाहीत. जहाज विचार करत नाही. प्रत्येक वेळी तेच गणित.

तिसरी_तार:
देतो ना. लढतीत समोरचा चुकला म्हणूनही तुम्ही जिंकता. माझे निम्मे विजय तसेच आहेत, त्याने वेग घालवला आणि मी फक्त तिथे होतो. डेकवर मला वाचवायला दुसऱ्या कोणाची चूक नसते, उंच आलो तर मीच आणि बाजूला गेलो तर मीच. म्हणून ती तार माझी वाटते, पाडलेलं विमान तेवढं माझं वाटत नाही. आणि गणित तेच असतं हेही खरं नाही, इंधन संपत आलेलं असतं, दोन तासांचा शीण असतो, पंखाला भोक पडलेलं असतं. जे मिशन करून आलात ते सगळं त्या १५ सेकंदांत तुमच्यासोबत खाली येतं.

मर्लिन:
हे शेवटचं पटलं. १०९ ची चाकं इतकी जवळजवळ आहेत की चांगली लढत जिंकून आल्यावर गवतावर गर्रकन फिरून पंख मोडलाय मी, आणि तेव्हा जिंकल्याचा आनंद एका सेकंदात गेला होता. पण तो आनंद होता म्हणून गेला ना? आधी आकाशात कोणीतरी भेटायला हवं. रविवारी तुमच्या जहाजावर येतो, शिकवा. त्यानंतर तुम्ही डोव्हरच्या आकाशात या, सूर्य माझ्या पाठीशी असेल.

तिसरी_तार:
ठरलं. हुक खाली टाकायला विसरू नका, बाकी रेडिओवर सांगतो.