रेटिंगपेक्षा घड्याळ बघा

स्पेनमध्ये खायला बार किंवा रेस्टॉरंट निवडताना ऑनलाइन रेटिंग ४.५ च्या वर असेल तरच आत शिरायचं, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटत. संध्याकाळी साडेसहाला भूक लागलेले आपल्यासारखे पर्यटकच तिथे जेवून तारे देतात. स्पॅनिश लोक दुपारी दोननंतर आणि रात्री नऊच्या पुढे जेवतात. त्या वेळी काउंटरपाशी उभं राहायला जागा नसेल आणि आजूबाजूला सगळं स्पॅनिशच ऐकू येत असेल, तर बिनधास्त घुसा. दाराबाहेर पाएयाचे (स्पॅनिश भाताचा पदार्थ) फोटो लावलेले दिसले की मी तरी पुढे निघते.

शाकाहारींबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून भर घालते. ग्रनादा शहरात प्रत्येक ड्रिंकबरोबर एक तापा, म्हणजे खाण्याची छोटी डिश, फुकट येतो, पण कोणता ते बहुतेक ठिकाणी बारवालाच ठरवतो. मी आधी ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढंच सांगितलं. समोर आला ट्यूना घातलेला बटाट्याचा गारढोण सॅलड! मासा काही ‘कार्ने’त धरत नाहीत. दुसऱ्या बारमध्ये ग्लास भरायच्या आतच ‘सिन कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन’ (मांस, मासा, हॅम काहीच नको) म्हटलं, तेव्हा कुठे तोर्तियाचा तुकडा मिळाला. तोर्तिया म्हणजे इथे बटाट्याचं जाड ऑम्लेट, त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांनी तेही सांगावं. सेव्हिया शहरात मात्र ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ मागा. जिरं घातलेला पालक-छोले, अगदी घरची आठवण! सोबत पोळी तेवढी नाही.