२०१५ सालच्या मराठी चित्रपटांपैकी तुमच्या मनात कोणता राहिला? (अनुभव धागा)

२०१५ साली मराठी प्रेक्षकाला एकाच वर्षात जितक्या तऱ्हांचे चित्रपट पाहायला मिळाले, तितके त्याआधी क्वचितच मिळाले असतील. एप्रिलमध्ये ‘कोर्ट’ आला, जूनच्या अखेरीस पावसासोबत ‘किल्ला’ आला आणि ऑगस्टमध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने ‘डबल सीट’ आणि ‘हायवे’ लागले. दसऱ्याला ‘ख्वाडा’ आला, तर दिवाळीत पाडव्याच्या दिवशी ‘कट्यार काळजात घुसली’ आणि ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ हे दोन्ही एकदम प्रदर्शित झाले. यांतल्या कोणत्याही दोघांची जातकुळी एक नाही. त्या वर्षाला आता दहा वर्षे उलटून गेली आहेत. त्या वेळी गाजलेले काही चित्रपट आज आठवतही नाहीत आणि ज्यांना जेमतेम एखादा आठवडा मिळाला, त्यांतले काही अजून मनातून हलत नाहीत.

म्हणून हे निमंत्रण. त्या वर्षातला आपला सर्वांत आवडता चित्रपट एकच निवडावा आणि त्यातले नेमके काय आपल्यापाशी उरले ते सविस्तर लिहावे. तारे, गुण आणि गल्ल्याचे आकडे नकोत. प्रसंग, माणसे आणि आवाज हवेत. आपला व्यवसाय किंवा गाव यांच्याशी त्या चित्रपटाचा धागा जुळत असेल, तर तेही जरूर सांगावे. इतरांच्या मताशी असहमती असल्यास तीही कारणांसह लिहावी.

मुंबई, फौजदारी वकील

माझी निवड अर्थातच ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे यांच्या या पहिल्याच चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात ‘ओरिझोंती’ विभागाचा सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार मिळाला होता आणि प्रदर्शनाच्या महिनाभर आधी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही जाहीर झाले होते. पण मी तो पाहायला गेलो तो आमच्या बाररूममध्ये त्याच्याविषयी चाललेली चर्चा ऐकून. पडद्यावरची न्यायालये आम्हाला कधीच आमची वाटत नाहीत. तिथे टेबलावर मुठी आपटल्या जातात, साक्षीदार पिंजऱ्यात कोसळतात आणि निकाल त्याच दिवशी लागतो. ‘कोर्ट’मध्ये मात्र तारीख पडते. साक्षीदार आलेला नसतो, म्हणून पुन्हा तारीख पडते. न्यायाधीश साक्ष ऐकून ती आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात, आणि साक्षीदार जे बोलला व कागदावर जे उतरले यांच्यातले अंतर प्रेक्षकाला समोर दिसते. हे अंतर मी रोज पाहतो. पडद्यावर ते मी पहिल्यांदाच पाहिले.

एका प्रसंगाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे. गटारात उतरून काम करणाऱ्या एका कामगाराने शाहिराचे गाणे ऐकून आत्महत्या केली, असा सरकार पक्षाचा आरोप असतो. त्या कामगाराची विधवा साक्षीला येते. उषा बाणे यांनी ही भूमिका अशी केली आहे, की त्या अभिनय करत आहेत हे जाणवतच नाही. नवरा आत उतरण्यापूर्वी झुरळ बाहेर येते का ते पाहायचा, आले तर आत श्वास घेता येईल एवढी हवा आहे असे समजायचा. दुर्गंधी सहन व्हावी म्हणून दारू प्यायचा. सुरक्षेची साधने त्याला कधी मिळालीच नाहीत. हे सारे ती विचारलेल्या प्रश्नाची उत्तरे म्हणून, एका पट्टीत, आवाज न चढवता सांगते. पार्श्वसंगीत नाही, जवळून घेतलेला रडणारा चेहरा नाही. कॅमेरा मागे उभा आहे, तसाच उभा राहतो. उलटतपासणीतून सत्य कसे बाहेर येते, हे मी नव्या वकिलांना समजावून सांगताना आजही याच प्रसंगाचा दाखला देतो.

गीतांजली कुलकर्णी यांच्या सरकारी वकिलाविषयीही दोन शब्द लिहायलाच हवेत. ही बाई दुष्ट नाही. ती लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, नवऱ्याच्या पथ्याची काळजी करते, आणि त्याच सहजपणाने सहकाऱ्यांना सांगते, की तेच तेच चेहरे पाहून कंटाळा आला, आरोपीला वीस वर्षांची शिक्षा देऊन टाकावी. चित्रपटाने तिला खलनायिका केले असते, तर आम्हा सगळ्यांची सुटका झाली असती.

चिपळूण, शिक्षिका

मी ‘किल्ला’ निवडते. माझे वडील सरकारी नोकरीत होते आणि दर तीन वर्षांनी आमचे बिऱ्हाड हलायचे. नव्या शाळेत पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात उभे राहिल्यावर सगळी तोंडे एकदम आपल्याकडे वळतात, तो क्षण बदलीच्या नोकरीतल्या माणसाच्या मुलांनाच ठाऊक असतो. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला चिन्मय तसाच दारात उभा राहतो. अर्चित देवधर या मुलाने त्या वेळचे अवघडलेपण खांद्यांतून दाखवले आहे.

अविनाश अरुण यांनी दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्ही स्वतः केले आहे, आणि त्याचा मोठा फायदा कोकणाला झाला आहे. एरवी चित्रपटांतला कोकण म्हणजे माडांची रांग आणि निळा समुद्र. इथे तो ओल धरलेल्या भिंतींचा, शेवाळाने काळपट पडलेल्या चिऱ्यांचा, दुपारी चार वाजताच अंधारून येणारा आहे. मित्र पावसात निघून जातात आणि किल्ल्यात चिन्मय एकटा मागे राहतो, तेव्हा दिग्दर्शकाने त्याला घाबरवण्यासाठी काही वेगळे केलेले नाही. पाऊस, दगड आणि हाकेला न आलेली ओ, एवढ्यावर त्या मुलाचा मित्रांवरचा विश्वास उडतो.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी हा चित्रपट दरवर्षी दाखवते. पार्थ भालेरावचा बंड्या आल्याबरोबर वर्ग जागा होतो. मुले नंतर चिन्मयविषयी बोलतात. मोठी माणसे मात्र अमृता सुभाष यांनी केलेल्या आईविषयी बोलतात, कारण नव्या कचेरीत एकट्या बाईला काय काय निभावावे लागते, ते मुलाला अर्धेच दिसते आणि आपल्याला पूर्ण दिसते.

पुणे, गायनाच्या शिक्षिका

‘कट्यार’विषयी कोणीतरी लिहीलच, पण संगीताच्या अंगाने लिहिले जावे म्हणून मी पुढे येते.

पंडितजी आणि खाँसाहेब या दोन प्रतिस्पर्धी गायकांची गोष्ट सांगणारे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. पंडित जितेंद्र अभिषेकींचे संगीत आणि वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब यांमुळे ते आमच्या घरात पूजेसारखे जपले गेले. त्यामुळे सुबोध भावे दिग्दर्शनातल्या पहिल्याच प्रयत्नाला हे नाटक घेत आहेत असे कळले, तेव्हा माझ्या गुरुजींसह अनेकांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. चित्रपटात शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी दिली आणि जुन्या पदांची प्रतिष्ठाही सांभाळली. त्याचे श्रेय मी प्रामुख्याने गळ्यांच्या निवडीला देते. खाँसाहेबांसाठी राहुल देशपांडे, म्हणजे वसंतरावांचे नातू. पंडितजींचा शिष्य सदाशिव याच्यासाठी महेश काळे, म्हणजे अभिषेकीबुवांचे शिष्य. आणि पंडितजींच्या भूमिकेत स्वतः शंकर महादेवन. दोन घराण्यांच्या स्पर्धेची गोष्ट सांगताना आवाजांची वंशावळही खरी असावी, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

‘घेई छंद मकरंद’ हे पद घ्या. नाटकात पंडितजींचे ‘घेई छंद’ सालगवराळी रागात आहे आणि खाँसाहेबांचे धानी रागात. शब्द तेच, कमळात अडकलेला भुंगाही तोच; पण पहिल्यात सूर एका जागी बसून उमलतो आणि दुसऱ्यात तान शब्दांना उचलून घेऊन जाते. घराणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना सांगायला मला या दोन चालींहून सोपे साधन मिळालेले नाही. चित्रपट आल्यानंतर क्लासला येणारी लहान मुले ही पदे आधीच गुणगुणत येऊ लागली, आणि त्यांच्याकडून सालगवराळीचे नाव ऐकून मला मनापासून आनंद झाला. महेश काळे यांना ‘अरुणि किरणी’साठी पुढे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, त्या दिवशी आम्ही वर्गात पेढे वाटले होते.

सचिन पिळगावकरांचे खाँसाहेब अनेकांना भडक वाटले. मला वाटले नाहीत. ज्याला वर्षानुवर्षे दुसरा क्रमांक मिळतो, त्या कलावंताचा जळफळाट मवाळ असूच शकत नाही.

सांगली, नाट्यसंगीताचे श्रोते

वरील बाईंच्या संगीतविषयक विवेचनाशी मी सहमत आहे, कथेविषयी मात्र नाही. नाटकात कला आणि विद्या यांचा झगडा केंद्रस्थानी आहे. चित्रपटाने पंडितजींचा आवाज जाण्यामागे एक कारस्थान आणले आणि झगड्याची उंची कमी केली, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही ‘सुरत पिया की’ सुरू झाल्यावर चित्रपटगृहात एकही माणूस जागेवरून हलला नाही, हे मी पाहिले आहे आणि ते नाकारणार नाही.

बे एरिया, कॅलिफोर्निया, संगणक अभियंता

इथल्या मराठी मंडळींनी मिळून ‘कट्यार’चा खेळ ठेवला होता. माझ्या मुलीचे मराठी तोपर्यंत आजीशी फोनवर बोलण्यापुरते होते. महेश काळे याच भागात राहतात आणि शिकवतात, त्यामुळे पडद्यावरचा आवाज आपल्या शेजारच्या गावातला आहे याचे तिला अप्रूप वाटले, आणि तिने गाणे शिकायला सुरुवात केली. माझी निवड याच कारणासाठी ‘कट्यार’.

अहिल्यानगर जिल्हा, पशुवैद्यक

‘ख्वाडा’चे नाव कोणीच घेतलेले नाही, म्हणून लिहितो.

भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून हा चित्रपट केला. मेंढरे घेऊन गावोगाव फिरणाऱ्या धनगर कुटुंबाची ही कथा आहे. माझे निम्मे आयुष्य अशा वाड्यांवर, म्हणजे धनगरांच्या मुक्कामाच्या तळांवर, मेंढ्या तपासण्यात गेले आहे. मुक्काम हलवताना कोणते सामान घोड्यावर आधी चढते, कोकरू कुठे ठेवतात, उतरायला जागा देताना गावातला बडा माणूस कोणत्या सुरात बोलतो, हे मी जवळून पाहिलेले आहे, म्हणून पडद्यावर काही खोटे असते तर मला लगेच खटकले असते. मला खटकले नाही. ध्वनी प्रत्यक्ष जागेवरच मुद्रित केलेला आहे आणि त्या ध्वनिमुद्रणाला राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. मेंढरांचा कालवा संवादांवर कुरघोडी करतो, माणसांना आवाज चढवून बोलावे लागते, आणि वाड्यावर खरोखर तसेच बोलतात.

शशांक शेंडे यांनी केलेला बाप हा माझ्या दृष्टीने त्या वर्षातला सर्वोत्तम अभिनय आहे. आपल्या जमिनीचा दावा वर्षानुवर्षे अडकून पडलेला असताना, परक्या गावात मान खाली घालून पोरांना सांभाळणारा हा म्हातारा कोठेही दया मागत नाही. भाऊसाहेब शिंदे यांचा बाळू लग्नाची स्वप्ने पाहत असतो, कुस्तीत जोर दाखवत असतो, आणि बापाचे गप्प बसणे त्याला भित्रेपणा वाटते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. शेवटी जे घडते, ते पाहून आमच्या गावातली पोरे शिट्ट्या वाजवत होती आणि वयस्कर माणसे गप्प बसली होती.

डोंबिवली, गृहिणी

‘डबल सीट’. लग्नानंतर चाळीतल्या एका खोलीत सासू-सासरे आणि दीर यांच्यासह मी पहिली वर्षे काढली. नवराबायकोला दोन वाक्ये बोलायलाही जिना गाठावा लागतो, हे समीर विद्वांस यांनी नेमके दाखवले. मुक्ता बर्वे आणि अंकुश चौधरी यांच्यातला संसार खरा वाटला, कारण घर घ्यायचे स्वप्न दोघांचे असले, तरी त्याची धास्ती दोघांना वेगवेगळी आहे.

पनवेल, नोकरदार

द्रुतगती मार्गाने मी अनेक वर्षे पुण्याला ये-जा केली आहे. एकाच कोंडीत अडकलेल्या अनेक गाड्यांतली अनोळखी माणसे उमेश कुलकर्णी यांनी ‘हायवे’मध्ये एकत्र आणली. चित्रपट मधे थोडा पसरतो, पण कोंडी होते तेव्हा माणसे कशी उघडी पडतात, ते गिरीश कुलकर्णी यांनी फार बारकाईने लिहिले आहे.

लातूर, महाविद्यालयीन प्राध्यापक

एक गोष्ट राहून जाऊ नये. त्याच एप्रिलमध्ये बहुपडदा चित्रपटगृहांनी मराठी चित्रपटाला मोक्याची वेळ दिलीच पाहिजे, असा निर्णय राज्य सरकारने घेतला होता आणि त्यावर मोठा वादही झाला होता. आमच्याकडे त्याचा उपयोग मर्यादित होता, कारण तालुक्याच्या गावी बहुपडदा चित्रपटगृहच नव्हते. ‘कोर्ट’ पाहण्यासाठी मी विद्यार्थ्यांना घेऊन दुसऱ्या शहरात गेलो. परतीच्या एसटीत न्यायाधीशाच्या शेवटच्या प्रसंगावरून दोन गट पडले आणि गाव येईपर्यंत वाद मिटला नाही. शिकवण्याच्या नोकरीत मला एवढी चांगली चर्चा वर्गात फारशी घडवता आलेली नाही.

नागपूर, ग्रंथपाल

‘कोर्ट’विषयी वकीलसाहेबांनी लिहिले ते उत्तम आहे, पण त्यातला आरोपी शाहीर नारायण कांबळे झालेल्या वीरा साथीदार यांच्याविषयी आमच्या शहरातून कोणीतरी लिहायला हवे. ते व्यावसायिक नट नव्हते; चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते. त्यामुळे संभाजी भगत यांचे गाणे ते मंचावर म्हणतात, तेव्हा हातवारे, दम घेण्याच्या जागा, समोरच्या लोकांकडे पाहण्याची रीत, यांतले काहीही शिकवलेले वाटत नाही. न्यायालयात हाच माणूस जवळजवळ गप्प असतो, आणि मंचावरचा आवाज एकदा ऐकलेला असल्यामुळे ते गप्प राहणे अधिक जड होते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने ते गेले. त्यानंतर आम्ही काही वाचकांनी मिळून ‘कोर्ट’ पुन्हा पाहिला. ज्यांनी त्यांना सभांमधून ऐकले होते, त्यांना पडद्यावर त्यांची ओळख पटवून द्यावी लागली नाही. जे नव्याने आले होते, त्यांनी दुसऱ्या दिवशी ‘विद्रोही’चे जुने अंक मागितले.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. चिपळूणच्या ताईंना एक विनंती आहे: ‘किल्ला’ दाखवल्यावर वर्गात आपण कोणते प्रश्न विचारता, ते सवडीने लिहावे, माझा भाचा यंदा सातवीत गेला आहे आणि त्याच्याबरोबर तो चित्रपट पाहायचे ठरवले आहे. ‘मुंबई-पुणे-मुंबई २’, ‘राजवाडे अँड सन्स’, ‘बायोस्कोप’ आणि ‘देऊळ बंद’ यांच्याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. त्यांच्या चाहत्यांची वाट पाहते आहे.