छंदाच्या सीएनसीवर फर्मवेअर कोणतं टाकायचं? माझं मत: पहिल्या मशीनला साधं ग्रबल

साखर पेठ (धागा सुरू करणारा)

दोन महिन्यांत सोलापुरातल्या तिघांनी मला हेच विचारलं: घरी सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन) जोडतोय, त्याच्या मोटरा हलवणारं फर्मवेअर, म्हणजे बोर्डात टाकायचा प्रोग्रॅम, कोणतं? तिघांचंही ३२ बिटच्या बोर्डावर आधीच मन बसलेलं होतं. मी तिघांना एकच सांगितलं. पहिलं मशीन आहे ना, मग आर्डुइनो उनो हा साधा ८ बिटचा बोर्ड घ्या, त्यात ग्रबल १.१ हे फर्मवेअर टाका आणि उरलेले पैसे शिल्डेड केबलवर आणि आर्थिंगवर घाला.

ग्रबल २००९ साली सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी सुरू केलं. ३२ केबी मेमरीत बसणारं फर्मवेअर आहे, सोर्स उघडा आहे, चिकाटीचा माणूस सगळा वाचून काढू शकतो. "३० किलोहर्ट्झच मिळतात", म्हणजे मोटरला सेकंदाला ३०,००० पल्सच जातात, अशी तक्रार ऐकू येते. हिशेब मांडून बघा. माझा बॉलस्क्रू एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा, मोटर फेऱ्याला २०० स्टेपची, ड्रायव्हर एका स्टेपचे ८ भाग करणारा. म्हणजे एका मिमीला ३२० पल्स. ३०,००० भागिले ३२० केले की सेकंदाला ९३ मिमी, मिनिटाला साडेपाच हजार मिमीच्या वर. सागवानात मी १,२०० च्या पुढे जात नाही. मग अडतंय कुठं?

माझं मशीन पहिले तीन आठवडे मधेच 'अलार्म १' देऊन थांबायचं. मी चार वेळा फर्मवेअर बदललं. दोष निघाला वायरिंगमध्ये: लिमिट स्विचची (मशीन टोकाला पोचलं हे सांगणारा स्विच) साधी वायर मी स्पिंडलच्या, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मोटरच्या, व्हीएफडी (वेग बदलणारा ड्राइव्ह) केबलला बांधून नेली होती. वायर वेगळी केली, शिल्डेड घेतली, इनपुटवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला. त्यानंतर एकही खोटा अलार्म नाही.

जुळे सोलापूर

काका, हिशेब बरोबर आहे, पण तो लांब सरळ रेघेचा आहे. तुम्ही नावाच्या पाट्या कापता, मी देवघराच्या दारावर उठावाचा गणपती कोरतो. तिथे फाईलमध्ये ०.१ मिमीचे लाखो बारके तुकडे असतात. ग्रबल पुढचे १६ तुकडेच बघतं, आणि त्यातल्या शेवटच्या तुकड्याअखेर थांबता आलं पाहिजे असं धरून वेग ठरवतं. म्हणजे डोळ्यापुढे फक्त १.६ मिमी रस्ता. प्रवेग २०० मिमी/सेकंद² ठेवला तर तेवढ्यात थांबता येईल असा वेग सेकंदाला २५ मिमी, मिनिटाला सुमारे १,५००. फीड (कापण्याचा वेग, मिमी मिनिटाला) ३,००० लिहा नाहीतर ६,०००, मशीन १,५०० च्या वर जाणार नाही.

ग्रबल-हाल या ग्रबलच्या ३२ बिट बोर्डांसाठीच्या आवृत्तीत पुढच्या तुकड्यांचा हा साठा सेटिंगमधून वाढवता येतो. १०० तुकडे धरले तर १० मिमी दिसतं आणि त्याच प्रवेगाला ३,८०० पर्यंत जाता येतं. माझे वडील जेकार्डच्या मागावर होते. कार्डांची माळ पुढे जेवढी लांब ओवलेली, तेवढा विणकर निवांत, हे मी लहानपणापासून बघत आलोय. त्यासाठी घेतलेल्या टीन्सी ४.१ बोर्डाला पैसे जास्त पडले, पण माझं कोरीव काम त्यावरच होतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसी

तुम्ही दोघं लाकडातच अडकलात. ॲल्युमिनियमच्या प्लेटला एम६ चे आटे पाडायचे असतील तर? स्पिंडल किती फिरला हे एन्कोडरवरून (फेरे मोजणारा सेन्सर) वाचून झेड, म्हणजे वर-खाली जाणारा अक्ष, तसाच खाली गेला पाहिजे. पीसीवर चालणाऱ्या लिनक्स-सीएनसी या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी जी३३.१ ही आज्ञा आहे. कटरच्या त्रिज्येची भरपाई जी४१, जी४२ ने होते, बॅकलॅशची (स्क्रूतल्या ढिलेपणाची) भरपाईही आहे. साध्या ग्रबलमध्ये यातलं काहीच नाही. लिनक्स-सीएनसीचं मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेतल्या प्रकल्पात आहे, औद्योगिक यंत्रांसाठीच केलेलं काम. पॅरलल पोर्टवाला जुना पीसी भंगाराच्या भावात मिळतो. माझी मिलिंग त्यावरच चालते.

साखर पेठ

मालक, मिलिंगसाठी तुमचं शंभर टक्के मान्य. पण नवशिक्याला जुना पीसी देऊ नका. आधी लेटन्सी टेस्ट (पीसी ठरल्या वेळेला किती उशीर करतो ते मोजणारी) तासभर तरी चालवा, मागे व्हिडिओ चालू ठेवून. एखादा पीसी दर काही मिनिटांनी दचकतो आणि मोटर अडखळते. लॅपटॉप तर नकोच. शिवाय आमच्या गल्लीत शेजारी यंत्रमाग आहेत, पीसीच्या पंख्यात महिन्याभरात कापसाचं तूस बसतं. लाईट गेली तर उनो दोन सेकंदांत परत उभा राहतो. होमिंग केलं, म्हणजे मशीन स्विचपर्यंत नेऊन जागा ओळखून घेतली, की जी५४ चा (कामाचा) शून्य बिंदू साठवलेला असतोच, काम तिथून पुढे.

विजापूर रोड

फ्लुइड-एनसीचं कोणीच नाव घेतलं नाही. हेही फर्मवेअरच, ईएसपी३२ या वाय-फायवाल्या बोर्डावर चालतं. कोणत्या पिनेला काय जोडलंय ते एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहायचं, पुन्हा कंपाईल करणं नाही. काम एसडी कार्डावरून सुटतं, मोबाईलवरून वाय-फायने बघता येतं. इशारा एकच: ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टची आणि टीबी६६०० सारख्या मोटर ड्रायव्हरला ५ व्होल्ट लागतात. माझा ड्रायव्हर मधेमधे पल्स गाळायचा, २० मिमीचा चौकोन १९.६ भरायचा. मधे ७४एचसीटी२४५ ही ३.३ चे ५ व्होल्ट करणारी चिप लावल्यावर बरोबर आला. यात फर्मवेअरचा दोष नव्हता.

साखर पेठ

मी वायरिंगचं म्हणतोय ते हेच.

जुळे सोलापूर, तुमचा १६ तुकड्यांचा मुद्दा मला खरंच माहीत नव्हता. रात्री कागदावर मांडून बघितला, बरोबर आहे. उठावाच्या कामाला उनो घ्या असं मी इथून पुढे कोणाला सांगणार नाही. एक शंका मात्र उरते. फाईल काढतानाच तुकडा ०.३ मिमीचा ठेवला तर १६ तुकड्यांत ४.८ मिमी दिसतं, आणि वेग २,६०० पर्यंत जातो. गणपतीच्या सोंडेवर तेवढ्याने फरक दिसतो का?

जुळे सोलापूर

पोटावर दिसत नाही. सोंडेच्या वळणावर आणि डोळ्याच्या कडेला दिसतो, पॉलिश केल्यावर तर जास्तच. आणि प्रवेग ५०० करा असं कोणी सांगेल तर ते माझ्या फ्रेमला झेपत नाही, कडेला लाटा उमटतात.

साखर पेठ

मग रविवारी फाईल घेऊन या. एकाच फळीवर ०.१ आणि ०.३ दोन्ही कोरू, घड्याळ लावू. ३ मिमीचा बॉलनोज (गोल टोकाचा) बिट तेवढा आणा, माझ्याकडचा बोथट झालाय.