मदत हवी आहे: ओकमधल्या मर्लो वाइनला ढोबळी मिरचीचा वास, दोष की शैली?

तांबडीमाती:
शनिवारच्या आत उत्तर हवंय. वाइनच्या क्लाससाठी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या नॉर्थ फोर्कची मर्लो ही रेड वाइन चाखून टिपण द्यायचंय. ओक लाकडाच्या बॅरलमध्ये मुरवलेली आहे. वास आलुबुखार, लवंग आणि मागून चिरलेल्या ढोबळी मिरचीचा. तोंड कोरडं पडतं. दर्जा 'चांगला' लिहू की 'फार चांगला'? ओकमुळे व्हॅनिला येतो हे कृपया नको, ते पाठ आहे.

कडूकारलं:
साल कोणतं? किती थंड होती? ओक फ्रेंच की अमेरिकन?

दिवेलागण:
दोन तास डिकँट करा, म्हणजे दुसऱ्या भांड्यात ओतून हवा लागू द्या, मिरची जाईल. मी प्रत्येक रेड तशीच पितो.

कडूकारलं:
नाही जाणार. तो वास पायरॅझिन नावाच्या संयुगाचा, द्राक्षातूनच आलेला. मर्लोची द्राक्षं कॅबर्ने या दुसऱ्या द्राक्षाच्या आधी पिकतात म्हणून तर गार भागात लावतात, पण पावसाळी सालात तीही हिरवट राहतात. साल त्यासाठीच विचारलं.

दिवेलागण:
माझ्या बाटल्यांचा जातो. करून तर बघा.

माहेरनाशिक:
मटणाच्या रश्श्याबरोबर घेऊ नका हं. तिखटाने अल्कोहोल आणखी जळजळतं. आमच्याकडे सणाला सगळे हाच घोळ घालतात.

तांबडीमाती:
जेवणाचं विचारलेलंच नाही! साल २०१८, फ्रेंच ओक. दोष आहे की नाही एवढं सांगा.

साखरफुटाणा:
दोष नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला असता तर बुचाचा दोष म्हणाले असते. २०१८ला तिकडे पाऊस फार होता, त्यामुळे हिरवटपणा पटतो. आता घोट घेऊन थुंका आणि लक्ष द्या: लाळ सुटते ते आम्ल, हिरड्या ओढल्या जातात ते टॅनिन. मग तोंडात काय उरतं ते बघा. आलुबुखार लवंगेच्या बरोबरीने टिकला तर ओक फळात मुरलाय, 'फार चांगला' लिहायला हरकत नाही. फळ आधी संपून नुसतं लाकूड आणि कडवटपणा उरला तर 'चांगला'च्या वर जाऊ नका. मिरचीची नोंद मात्र कराच, थंड प्रदेशाचा तोच पुरावा आहे.

तांबडीमाती:
फळ आधी जातं. म्हणजे 'चांगला'.

कडूकारलं:
थांबा, तापमान अजून सांगितलं नाहीत.

तांबडीमाती:
फ्रिजमधून काढली आणि ओतली.

कडूकारलं:
मग फळ दबणारच, तुरटपणाही वाढतो. १६ ते १८ अंशांवर येऊ द्या, पुन्हा चाखा आणि मगच दर्जा लिहा.