मदत हवी आहे: गॉशर, दोन्ही मुलांचं इन्फ्युजन सोलापुरातच करता येईल का?

नमस्कार, आमच्या दोन्ही मुलांना (मुलगी ९, मुलगा ४) गॉशर टाइप १ (शरीरात एक एन्झाइम कमी पडण्याचा दुर्मिळ आनुवंशिक आजार) आहे, त्यासाठी ते एन्झाइम सलाइनमधून (इन्फ्युजन) द्यावं लागतं. मुलीची प्लीहा वाढलेली, प्लेटलेट कमी, एन्झाइम टेस्ट आणि जेनेटिक रिपोर्ट दोन्ही झालेत, मग धाकट्याची पण टेस्ट केली तर तोही पॉझिटिव्ह आला. केंद्र सरकारच्या २०२१ च्या रेअर डिसीज (दुर्मिळ आजार) पॉलिसीत मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधून दोघांचं मंजूर झालंय, म्हणजे औषधाच्या पैशाचा प्रश्न सध्या नाही.

अडचण अशी की दर १५ दिवसांनी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, दिवसभर सलाइन, रात्री परत. मुलीची शाळा बुडते आणि हिमोग्लोबिन कमी असल्याने प्रवासात ती फार गळून जाते, बघवत नाही. मी एकटीच नेते, मिस्टरांना सुट्टी मिळत नाही.

इथल्या दोन बालरोगतज्ज्ञांना विचारलं, ते म्हणतात हे औषध आम्ही कधी दिलं नाही, रिअ‍ॅक्शन आली तर काय. आतापर्यंत एकदाही रिअ‍ॅक्शन आलेली नाही. व्हायल (औषधाची छोटी बाटली) २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागते, आइसबॉक्सची तयारी आहे. फंडरेझिंगचं कृपया सुचवू नका.

कुणी मुंबईहून व्हायल आणून आपल्या जिल्ह्यात इन्फ्युजन सुरू केलंय का? त्यासाठी कोणाचं पत्र लागलं आणि स्थानिक डॉक्टर कशाने तयार झाले?